स्वामी रामानंद तीर्थ

परळीशेजारच्या आंबेजोगाईस इ. स. १९३५ मध्ये एक संन्यासी शिक्षक आले. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. असहकारितेच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली, विद्या मात्र सोडली नाही. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी संपादिली. तीवर सुखाची नोकरी न शोधता त्यांनी आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व मग आंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुले शिकविली.

सत्य व निर्भयता यांवर वर्गात बोलणे सोपे. आम्हां शिक्षकांचा तो नित्याचाच पाठ! परंतु १९३८ साली निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी घातली, तेव्हा शिकविणाराचीच परीक्षा आली. स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला, सत्याग्रह केला व कारावास पत्करिला. काल फळ्यापाशी उभे असलेले गुरुजी आज तुरुंगात आहेत, हे त्या मुलांनी पाहिले. असा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडावा?

पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी निवर्तले. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने १९९४ मध्ये स्थापन झाले.