गृहस्थाश्रमी संत श्रीएकनाथ महाराज

गोदाकाठी पैठण क्षेत्री सोळाव्या शतकात श्रीएकनाथ महाराजांचा जन्म झाला. पांडुरंगाची मूर्ती विजयनगरहून पंढरीस परत आणली अशी ज्यांची ख्याती आहे, ते संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी यांचे छत्र नाथांच्या बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी व आजी यांनी या पोरक्या नातवाला वाढविले.

गुरूची ओढ लागताच बाल एकनाथाने घरी न सांगता देवगिरीची वाट धरली व जनार्दनस्वामींची सेवा पत्करली. इकडे वृद्ध आजी-आजोबांच्या जिवाला घोर लागला. चरित्रकार सांगतात की, चक्रपाणींनी शोध करीत स्वामींना गाठले व नातवासाठी त्यांचे आज्ञापत्र आणले. नाथ तीर्थयात्रेहून परतले, तेव्हा ते पत्र त्यांच्या हाती पडले. पैठणातच राहून संसार करावा, ही गुरुआज्ञा त्यांनी शिरसावंद्य मानली.

गिरिजाबाईंनी हा संसार मनापासून सांभाळला. दारी आलेला विन्मुख जात नसे. पुरणपोळीच्या आवडीने आलेला गावबा या घरचाच झाला. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अस्पृश्य मानलेल्यांचे मूल नाथांनी कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्नही त्यांनी भुकेल्या दलितांना वाढले. त्यासाठी ब्रह्मवृंदाचा रोष सोसला.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र घरातच आला. विद्वान पुत्र हरिपंडितांना वडिलांचे प्राकृतात पुराण सांगणे व परान्न घेणे रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. नाथ स्वतः त्यांना आणावयास गेले. या दोन्ही गोष्टी सोडण्याची मुलाची अट त्यांनी मान्य केली. संस्कृत पुराण सुरू होताच श्रोते ओसरले, तरी नाथांनी मुलाला दोष दिला नाही. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब बाईच्या घरी जेवताना हरिपंडितांना पित्याचा अधिकार कळला, अशी कथा आहे. मग नाथांच्या वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

महाभारताची पाच पर्वे मराठीत आणणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या कन्येचे पुत्र. जन्मतः मुक्या असलेल्या या नातवाला आजोबांच्या कृपेने वाचा आली, अशी श्रद्धा आहे. आजोबांनी ज्याला वाढविले, त्यानेच आजोबा होऊन नातवाला वाणी दिली, असे भाविक मानतात.

प्रपंच सांभाळूनच नाथांनी ग्रंथरचना केली. १५७३ साली काशीक्षेत्री एकनाथी भागवत पूर्ण झाले. आळंदीस जाऊन त्यांनी ज्ञानेश्वरमाउलींच्या समाधीचा शोध घेतला आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भावार्थ रामायण अपुरे राहिले. ते गावबाने पूर्ण केले, अशी परंपरा आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. ही तिथी नाथषष्ठी म्हणून पैठणास मोठ्या यात्रेने साजरी होते.

ग्रामस्थांच्या श्रमदानाने व दात्यांच्या उदार हस्ते आज आपले मंदिर नव्याने उभे राहिले आहे. या मंदिराच्या पंगतीत कोणी परका राहू नये आणि रागावून गेलेल्यास बोलावण्यास वडीलधाऱ्यांनी आपण होऊन जावे, हीच नाथांच्या चरणी खरी सेवा ठरेल.

॥ श्रीएकनाथ महाराज की जय ॥