विठ्ठलराव विखे पाटील

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील (मृत्यू: २७ एप्रिल १९८०) हे महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचे प्रवर्तक होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी बुद्रुक हे त्यांचे गाव. त्यांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. सावकारी कर्जापायी शेतकऱ्यांच्या जमिनी जात असल्याचे पाहून त्यांनी १९२३ मध्ये लोणीत सहकारी पतपेढी स्थापन केली.

प्रवरेच्या कालव्यांमुळे परिसरात ऊस वाढला. पण शेतकऱ्यास गुळाच्या चढउतार होणाऱ्या भावावर किंवा खाजगी कारखान्यांवर विसंबावे लागे. कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा असावा, या कल्पनेस अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पाठबळ दिले. विखे पाटलांनी गावोगावी फिरून भागभांडवल गोळा केले. सर्वांत कठीण काम हेच होते, कारण जो कारखाना अद्याप उभाच नव्हता त्यासाठी कर्जबाजारी कुटुंबांकडे पैसे मागायचे होते. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे गाळप सुरू झाले. अध्यक्षपद गाडगिळांकडे होते. विखे पाटील उपाध्यक्ष राहिले.

हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असल्याचे सांगितले जाते. तथापि आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच तसा कारखाना निघाला होता; महाराष्ट्रापुरता मात्र प्रवरेचा मान निर्विवाद आहे. विखे पाटलांना १९६१ मध्ये पद्मश्री देण्यात आली.