स्वदेशी मोटारीचा ध्यास : वालचंद हिराचंद

भारतात मोटार आली ती आगबोटीतून, लाकडी खोक्यांत बंद होऊन. १९२८ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही पुढे तोच मार्ग पत्करला. इंजिन, सांगाडा, दंतचक्रे सारे परदेशात घडलेले. येथील कामगारांनी ते केवळ जोडायचे. मोटारी भारतीय रस्त्यांवर धावू लागल्या, पण त्या घडवण्याची विद्या देशात येत नव्हती. हे परावलंबन मोडून काढण्याचा ध्यास घेतलेल्या मोजक्या उद्योजकांत वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे गुजराती जैन, व्यवसाय कापूस आणि सावकारीचा. पिढीजात पेढीत मात्र त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते बांधकामाच्या ठेकेदारीत उतरले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची वाटचाल सुरू झाली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन करून त्यांनी ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. नाशिक जिल्ह्याशीही त्यांचे नाते जडले ते साखर कारखान्यामुळे. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे १९३३ मध्ये त्यांनी तो उभारला.

याच जिल्ह्यात मोटारीची गरज किती मूलभूत आहे, हे दिसून येते. लोहमार्ग इगतपुरी, नाशिक रोड, मनमाडवरून गेला. परंतु पेठ, सुरगाणा यांसारखे डोंगराळ तालुके त्यापासून दूर राहिले. नाशिकहून पेठमार्गे गुजरातेतील धरमपूरकडे जाणाऱ्या वाटेवर माणसे आणि माल नेण्यासाठी मोटार हाच आधार आहे. अशा असंख्य गावांचे दळणवळण परदेशातून येणाऱ्या खोक्यांवर अवलंबून ठेवायचे काय, हा खरा प्रश्न होता.

मोटार घडवणे हे काम सोपे नव्हते. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार टप्प्यांत चालणारे इंजिन सिद्ध केले. इंधन आणि हवेचे मिश्रण ओढून घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे, हे ते चार टप्पे. त्या तत्त्वावर कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तत्त्व सुटसुटीत असले तरी नळकांडे आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या यांच्या मापात केसभरही फरक चालत नाही. त्यासाठी उत्तम पोलादाबरोबरच ओतशाळा, अचूक यंत्रे आणि कसलेले कारागीर लागतात. म्हणूनच ज्या देशात इंजिन घडते, तेथे इतर अनेक उद्योगांचा पाया आपोआप घातला जातो.

हे महत्त्व सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ओळखले होते. १९३० च्या दशकात त्यांनी मोटार कारखान्याची सविस्तर योजना आखली आणि वालचंद यांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानेही अनुकूलता दर्शवली. परंतु १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर वालचंद यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे सहकार्य मिळवले. तरीही दिल्लीतील सरकारने हात आखडता घेतला. मोटार कारखाना युद्धकार्यासाठी आवश्यक नाही, अशी सरकारची भूमिका होती. विरोधाभास असा की, त्याच युद्धासाठी लष्करी मोटारी समुद्रापलीकडून आणल्या जात होत्या.

वालचंद थांबले नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना आणि जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी, अशी कामे याच धामधुमीत झाली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तत्पूर्वी, १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स स्थापन झाली होती. प्रीमियरने डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्यांच्या जुळणीपासून आरंभ केला आणि १९४९ पासून सुटे भाग येथेच तयार करण्याकडे पावले टाकली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

मात्र याच सुमारास वालचंद यांना पक्षाघाताने गाठले. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ जुळणी करण्यास मनाई केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातून गाशा गुंडाळला. वालचंद यांनी ज्या धोरणाचा आग्रह धरला होता, त्यावर अशा रीतीने शिक्कामोर्तब झाले.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी मुंबईची ओळख बनली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली आणि ती रस्त्यावरून निवृत्त झाली. सरकारी अनास्थेत वाया गेलेली उमेदीची वर्षे वालचंद यांना परत मिळाली नाहीत. पण त्यांनी रुजवलेल्या उद्योगाने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना इच्छित स्थळी पोहोचवले.