मेरी ॲनिंग

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे एक लहानसे गाव आहे. गावालगतचे उभे कडे चुनखडक व काळसर शेल यांच्या थरांचे बनलेले असून त्यांत सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म दडलेले आहेत. हिवाळी वादळांत हे कडे ढासळतात आणि जीवाश्म उघडे पडतात. ते वेळीच उचलले नाहीत, तर समुद्र त्यांना गिळून टाकतो.

याच गावी २१ मे १७९९ रोजी एका गरीब सुताराच्या घरी मेरीचा जन्म झाला. वडील फावल्या वेळी जीवाश्म गोळा करून हवापालटासाठी आलेल्या पाहुण्यांना विकत. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले आणि मुलांची हौस हेच कुटुंबाच्या पोटापाण्याचे साधन झाले. १८११ मध्ये भाऊ जोसेफ याला एका प्रचंड प्राण्याची कवटी आढळली. पुढच्या वर्षी मेरीने त्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला इक्थिओसॉर होय.

शालेय शिक्षण तिला जेमतेमच मिळाले. परंतु विद्वानांचे निबंध ती चित्रांसह हाताने उतरून घेई आणि मासे चिरून त्यांची शरीररचना न्याहाळी.

डिसेंबर १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. त्याची मान इतकी लांब होती की, फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना तो बनावट वाटला. ही शंका खरी ठरती, तर मेरीचा व्यवसायच बुडाला असता. १८२४ मध्ये लंडनच्या भूविज्ञान मंडळात या सांगाड्याची चर्चा झाली. मंडळाचे दार स्त्रियांना बंद होते. सांगाडा अस्सल ठरला व क्यूव्हिए यांनी आपली चूक मान्य केली. परंतु तो सभेपुढे मांडणाऱ्या कॉनिबेअर यांनी मेरीचे नावही घेतले नाही. रूढीच तशी होती, एवढे म्हणून हा अन्याय सोडून देता येत नाही.

१८३३ मध्ये कडा कोसळून तिचा लाडका कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात बचावली. तरीही तिने काम सोडले नाही.

९ मार्च १८४७ रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले. भूविज्ञान मंडळाने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९१९ मध्ये. २००१ मध्ये हा किनारा जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. तेथील कड्यांत आता परवानगीवाचून खोदता येत नाही. २०२२ मध्ये गावात मेरीचा पुतळा उभारण्यात आला. तिच्या हाती हातोडा आहे आणि जवळच ट्रे आहे.