एकदाच केलेलं भाषांतर

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शेताचे जुने कागद उर्दूत होते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तेव्हा त्यात नवल नव्हतं. बांधाचा वाद निघाला, की आजोबा कागद घेऊन मौलवीसाहेबांकडे जात. ते एकेक ओळ वाचून मराठीत सांगत. पुढच्या वादाला पुन्हा तेच. शेवटी वडिलांनी सगळ्याचं मराठी भाषांतर एकदाच लिहून घेतलं आणि खेटे संपले.

संगणकाचे असे खेटे वाचवणाऱ्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर. त्यांचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातली गजराची घड्याळं खोलून ठेवली होती! १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट घेतली, कॉलेजात शिकवलं. महायुद्धात अमेरिकी नौदलात शिरल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन या अजस्र गणनयंत्रापाशी पोहोचल्या.

तेव्हा यंत्राला प्रत्येक सूचना आकड्यांत द्यावी लागे. तेच तेच तुकडे हातानं उतरवताना चुका होत. हे काम यंत्रानंच का करू नये, असं बाईंना वाटलं. १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झीरो’ हा कंपायलर केला. आजच्या मानानं तो अगदीच प्राथमिक. पण यंत्र स्वतःच स्वतःचा कार्यक्रम जुळवू शकतं, यावर सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसेना. बाई थांबल्या नाहीत. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’मध्ये इंग्रजी शब्दांत सूचना देता येत. १९५९ मध्ये आकाराला आलेल्या ‘कोबोल’ भाषेचा पाया त्यातूनच घातला गेला.

पुढे वेबसाइटींसाठी पीएचपीसारख्या भाषा आल्या. त्या लिहायला सोप्या, पण त्यांचा दुभाष्या मौलवीसाहेबांसारखा: पाहुणा आला, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. लाखो पाहुण्यांपुढे हा खर्च परवडेना. २०१० मध्ये फेसबुकनं आपला पीएचपीतला कार्यक्रम आधीच सी प्लस प्लसमध्ये उतरवून, मग कंपाइल करून वापरायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं. त्याच यंत्रांवर जास्त काम होऊ लागलं. अर्थात मूळ कार्यक्रम बदलला, की भाषांतर नव्यानं करावं लागतं. शेताची वाटणी झाल्यावर कागद बदलावे लागतात, तसंच.

बाई व्याख्यानात सुमारे तीस सेंटिमीटर लांबीच्या तारा वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश तेवढंच अंतर कापतो. वेळ वाया जातो म्हणजे काय जातं, ते हातात धरून बघा, हा त्यामागचा हेतू. १९८६ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

वडिलांचं ते भाषांतर अजून आमच्या ट्रंकेत आहे. ते पाहिलं, की आजोबांचे उन्हातले हेलपाटे आठवतात, आणि न पाहिलेल्या या बाईही.