पाणथळीचे कैवारी सलीम अली

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या तालुक्यांत जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. अंबा नदी नागोठण्यावरून वाहत जाऊन धरमतरच्या खाडीस मिळते. कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. या खाड्यांतून भरतीचे खारे पाणी दूरवर आत शिरते. काठाला तिवरांची दाट झाडी, खारबंदिस्तीच्या आत भातशेते, कोठे मिठागरे, तर कोठे नुसता चिखल असा हा प्रदेश आहे. वाटसरूला तो ओसाड वाटतो. परंतु याच चिखलात मासे व कोळंबी यांची पिले वाढतात, तिवरांच्या गर्दीत उधाणाचा जोर ओसरतो आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात. अशा भूमीला पाणथळ म्हणतात. तिचे मोल भारताला ज्यांनी पटवून दिले, त्यांत डॉ. सलीम अली अग्रभागी होते. आणि त्यांच्या कीर्तीचा आरंभ याच प्रदेशाच्या शेजारी, समुद्रकाठच्या किहीम गावी झाला.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मामांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी त्यांना शिकारीची हौस होती. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणत्या जातीची, हे मामांना सांगता येईना. तेव्हा त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी चिमणीची ओळख पटवून दिलीच, शिवाय संस्थेतील पक्ष्यांचा मोठा संग्रहही दाखविला. शिकारीच्या हौसेची जागा हळूहळू जिज्ञासेने घेतली.

पुढे त्यांनी काही काळ ब्रह्मदेशात व्यवसाय केला, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी केली आणि बर्लिन येथे जाऊन पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० साली परत येऊन पाहतात तो नोकरीची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे जाऊन राहिले. हाताला काम नव्हते, पण डोळ्यांना होते. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर ते तासन्‌तास तिच्याकडे पाहत आणि पाहिलेले टिपून ठेवीत. सुगरण हे नाव स्त्रीचे; म्हणून घरटे मादीच विणते असा लोकांचा समज. सलीम अलींना निराळेच आढळले. घरटे नर विणतो. ते अर्धवट झाले की माद्या येऊन त्याची पारख करतात. एखादीला ते पसंत पडले की ती तेथे बिऱ्हाड करते. मग नर ते पुरे करून दुसरे विणावयास घेतो. या निरीक्षणांवरील लेखाने त्यांचे नाव अभ्यासकांत झाले. आधी डोळ्यांनी पाहावे, मग मत द्यावे, हा धडा त्यांनी जन्मभर पाळला.

स्वातंत्र्यानंतर या धड्याची कसोटी लागली. राजस्थानात भरतपूर येथे संस्थानिकांनी बांध घालून राखलेली विस्तीर्ण पाणथळ आहे. पूर्वी तेथे बदकांची शिकार होत असे. १९३८ साली एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले होते. संस्थान विलीन झाल्यावर तळे आटवून जमीन लागवडीस द्यावी, अशी मागणी पुढे आली. धान्याचा तुटवडा होता, त्यामुळे मागणी गैरवाजवी वाटत नव्हती. परंतु त्या पाण्यावर किती पक्षी जगतात, हे सलीम अली जाणून होते. त्यांनी हा प्रश्न पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत नेला आणि तळे वाचले. १९५६ साली तेथे अभयारण्य झाले, १९८१ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला आणि १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले.

उद्यान होताच तेथे गुरे चारण्यास बंदी झाली. सलीम अली यांनाही ही बंदी इष्ट वाटत होती. मात्र त्यांच्याच संस्थेच्या संशोधकांना दीर्घ अभ्यासाअंती दिसले की, म्हशी चरेनाशा झाल्यामुळे गवत माजले आणि पक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी कमी झाले. नियम सैल असून चालत नाही, तसाच तो निरीक्षणावाचून केलेला असूनही चालत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

१९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे सन्मान त्यांना लाभले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात, २०१० साली, भारत सरकारने पाणथळींच्या रक्षणासाठी नियम केले. २०१७ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. केंद्राकडील पुष्कळसे अधिकार राज्यांकडे गेले. नद्यांचे प्रवाह आणि भातशेते पूर्वीच्या नियमांप्रमाणेच व्याख्येबाहेर राहिली. सिंचन, मत्स्यपालन व मीठ यांसाठी माणसाने केलेले जलाशयही वगळले गेले. त्यामुळे रक्षणाची पकड सैल झाली, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली. किनाऱ्यासाठी निराळे नियम आहेत. तरीही पेण-रोह्याची पुष्कळशी ओली भूमी भातशेते व मिठागरे यांचीच आहे, हे विसरता येत नाही. माणसाने घडविलेली पाणथळही किती मोलाची असते, हे भरतपूरने दाखवून दिले आहे.

कायद्यातील एका शब्दाने एखादे तळे राहते किंवा जाते. तो शब्द योग्य पडावा, यासाठी तळ्याकाठी बसून पाहणारे आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे कोणी तरी असावे लागते. सलीम अली यांनी ते काम आयुष्यभर केले.