काळाचे हँडल फिरवणारे दादासाहेब

पनवेलच्या एखाद्या मंगल कार्यालयात अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव होतो आणि चित्रण करणाऱ्याच्या हातातील छोटा कॅमेरा तो क्षण सेकंदाला १०० फ्रेम या वेगाने टिपतो. पुढे संगणकावर संकलन करताना हेच दृश्य सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रपटात बसवावे लागते. टिपलेली प्रत्येक फ्रेम क्रमाने दाखवायची, असे संकलनाच्या सॉफ्टवेअरला सांगितले, तर एका सेकंदाचे चार सेकंद होतात आणि अक्षता पिसासारख्या तरंगत खाली येतात. तसे न सांगता मूळ वेग कायम ठेवला, तर चारपैकी तीन फ्रेम गळून पडतात, दृश्य नेहमीसारखेच धावते आणि जादा वेगाने केलेले चित्रण वाया जाते. टिपण्याचा वेग निराळा आणि दाखवण्याचा वेग निराळा, हे एकदा उमगले की मग काळ लांबवताही येतो आणि आखडताही येतो. संगणक नव्हता, मोटारही नव्हती, कॅमेऱ्याला केवळ एक हँडल होते, अशा काळात हे गणित महाराष्ट्रातील एका माणसाने आपली दृष्टी, आपला विमा आणि पत्नीचे दागिने पणाला लावून सोडवले. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. तेथून बडोद्याचे कलाभवन, पुढे रतलाम येथे ठसे तयार करण्याचे शिक्षण, गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय असा त्यांचा प्रवास झाला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि अपत्य गमावण्याचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून काही वर्षे केलेली नोकरी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडून त्यांनी छपाईचा आणि ठसे बनवण्याचा धंदा उभारला. १९०९ मध्ये तिरंगी छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ उत्पन्नाच्या साधनाविना उरला.

याच रिकामपणात, १९११ साली, गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनःचक्षूंसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. त्यानंतरचे महिने मात्र तितकेसे परिचित नाहीत. दादासाहेब रोज संध्याकाळी तासन् तास चित्रपट पाहू लागले. घरी आणलेल्या लहानशा यंत्रावर फितींचे तुकडे पुन्हा पुन्हा निरखू लागले. स्थिर चित्रे हलती कशी होतात, हा एकच प्रश्न त्यांना पडला होता. या अट्टहासात डोळ्यांवर असा ताण आला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. मुंबईच्या डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. दृष्टी परत येताच माणूस पुन्हा त्याच उद्योगाला लागला. आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीची प्रत्यक्ष रीत पाहिली, ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला छिद्रे पाडणारे यंत्र मागवले आणि एप्रिलच्या आरंभी ते मुंबईला परतले.

पौराणिक चित्रपटाला भांडवल हवे होते आणि हलत्या चित्रांवर पैसा लावण्यास कोणी धजत नव्हते. हे तंत्र आपल्या हाती आहे, हे सिद्ध करण्यासाठी दादासाहेबांनी जो पुरावा निवडला, तो त्यांच्या बुद्धीची खूण आहे. एका कुंडीत वाटाणे पेरून त्यांनी समोर कॅमेरा रोवला. बियाणे रुजले, अंकुर फुटला, वेल वर चढला. सुमारे महिनाभराची ही वाढ पडद्यावर अवघ्या मिनिटभरात घडली. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या जाणकारांनी ती पाहिली आणि कर्जाचा मार्ग खुला झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा लघुपट इतिहासात नोंदला गेला.

या लघुपटासाठी दररोज एकच फ्रेम घेतली गेली, असे नेहमी सांगितले जाते. साधा हिशेब मात्र वेगळे सांगतो. मूकपटांच्या काळी पडद्यावर सेकंदाला सुमारे १६ फ्रेम धावत. मिनिटभराच्या दृश्याला त्या वेगाने ९६० फ्रेम लागतात. महिन्याला ३० फ्रेम घेतल्या असत्या, तर वाटाण्याचा वेल दोन सेकंदांच्या आतच संपला असता. महिना आणि मिनिट या दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या, तर दिवसाला सरासरी ३२ फ्रेम, म्हणजे अहोरात्र दर पाऊण तासाला एक फ्रेम, असा हिशेब येतो. रोज एक फ्रेम ही आख्यायिका सुटसुटीत आहे, पण ती दादासाहेबांच्या कष्टांना न्याय देत नाही. कुंडी हलता कामा नये, कॅमेरा हलता कामा नये, उजेडात फार फरक पडता कामा नये आणि माणसाचा धीर सुटता कामा नये, अशी ती तपश्चर्या होती. त्यांनी सावकाश टिपून वेगाने दाखवले. पनवेलच्या लग्नातील कॅमेरा वेगाने टिपतो आणि सावकाश दाखवतो. दोन्हीकडे गणित तेच आहे, भागाकाराची दिशा तेवढी उलट आहे.

पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो अक्षरशः घरातून. दादरच्या बंगल्यात चित्रीकरण होई. कोऱ्या फिल्मला काठाने छिद्रे नसत, ती अंधारात हाताने पाडावी लागत. छिद्रांतील अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरील चित्र थरथरते. हे काम सरस्वतीबाईंनी आत्मसात केले. दागिने गहाण पडले होते, दिवसा चित्रपटातील माणसांचा स्वयंपाक होता आणि त्यानंतर हा अंधारातील उद्योग होता. कॅमेऱ्यामागे दादासाहेबांचे त्र्यंबकेश्वरचे स्नेही त्र्यंबक तेलंग उभे असत. त्या काळच्या कॅमेऱ्यांत साधारणपणे हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे घातले की १६ फ्रेम होत. ताल चुकला की चित्राचा वेग चुकला. चित्रण करणाऱ्याचे मनगट हेच त्या काळचे घड्याळ होते.

सुमारे सात महिन्यांच्या श्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट सिद्ध झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया चित्रपटगृहात निमंत्रितांनी तो पाहिला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. पडद्यावरची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली होती आणि रोहिदास दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र झाला होता. त्यानंतर दादासाहेब थांबले नाहीत. १९१५ मध्ये त्यांनी आगपेटीतील काड्या एकेका फ्रेमगणिक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशात उडाला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी केला. त्याच्या उरलेल्या भागात स्वतः दादासाहेब फिल्म हाती घेऊन काम करताना दिसतात. आपली युक्ती झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

नाशिकला १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीने त्यांना भांडवल दिले आणि मनस्तापही दिला. भागीदारांशी बिनसल्यावर ते काशीला निघून गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये पुन्हा कंपनीत आले. परंतु काळ बदलत होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. आवाजाला डगमगता वेग चालत नाही. हँडल हळू फिरले की सूर उतरतो, भरभर फिरले की चिरकतो. म्हणून बोलपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असा पक्का झाला आणि मनगटाची जागा मोटारीने घेतली. ज्या लवचीक काळावर दादासाहेबांनी आपली कला उभारली होती, तो आता यंत्राच्या ताब्यात गेला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला, १९३७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी जन्माला घातलेल्या व्यवसायाला त्यांचा जवळपास विसर पडला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू होण्यास १९६९ साल उजाडले.

दादासाहेबांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे उरले आहे. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे जतन केली. ती मूळ चित्रपटाची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे काही शे फुटांचे अंशच हाती आहेत. आणि जे उरले, त्यावर वेगाच्या चुकीने आणखी एक अन्याय केला. १६ फ्रेमच्या तालावर टिपलेली फिल्म बोलपटाच्या यंत्रावर २४ फ्रेमनी चालवली, की प्रत्येक हालचाल दीडपट वेगाने होते. सत्त्वपरीक्षेला निघालेला राजा तुरुतुरु चालू लागतो, ऋषींचा क्रोध नकला केल्यासारखा दिसतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. ३,७०० फुटांचा चित्रपट १६ फ्रेमच्या वेगाने तासाभराहून थोडा अधिक चालतो, २४ च्या वेगाने तो ४१ मिनिटांत उरकतो. जुन्या काळची माणसे चित्रपटात अशीच धावत असत, हा समज कित्येक पिढ्यांनी उराशी बाळगला. ती माणसे धावत नव्हती. त्यांना धावडवले गेले.

आता हा दोष दूर करण्याचे साधन आहे. जुन्या फिल्मची एकेक फ्रेम संगणकात उतरवल्यावर तिचा मूळ वेग सॉफ्टवेअरला सांगता येतो. १६ फ्रेमचे दृश्य २४ फ्रेममध्ये बसवायचे, तर दर दोन फ्रेमपैकी एक दोनदा दाखवली की राजा पुन्हा राजासारखा चालू लागतो. लग्नाचे चित्रण संगणकात उतरवणाऱ्या पनवेलच्या तरुणाला जो प्रश्न पडतो, तोच येथेही सोडवावा लागतो. टिपले किती वेगाने आणि दाखवायचे किती वेगाने, एवढेच विचारायचे असते. वाटाण्याच्या कुंडीसमोर महिनाभर बसलेल्या दादासाहेबांनी हा प्रश्न स्वतःला विचारला होता. त्यांच्या चित्रांपुढे बसणाऱ्या प्रत्येकाने तो विचारला, तर त्या चित्रांवर हसण्याची वेळ येणार नाही.